'काकू, हे चालेल का?' : रोबोटिक्स स्पर्धेची नियमावली वाचायची कशी

शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या रोबोटिक्स टीममधली मुलं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून परतली ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बारा पट्ट्या घेऊन. अ‍ॅक्रिलिकच्या, लेझरवर कापलेल्या, कडा काचेसारख्या लखलखीत. रोबोटच्या दोन्ही बाजूंना त्या लावायच्या होत्या, म्हणजे आत ओढून घेतलेल्या वस्तू बाहेर घरंगळणार नाहीत. भोकं इतकी नेमकी पडली होती की मी कौतुकाने एक पट्टी हातात घेतली आणि सवयीने जाडी मोजायला व्हर्नियर लावला. वागळेतच एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटीत काढली आहेत मी, त्यामुळे मोजल्याशिवाय वस्तू खाली ठेववत नाही. आकडा आला २.०२ मिमी.

"काकू, हे चालेल ना?"

"तुम्हीच बघा," म्हटलं. नववीतल्या एकीने नियमावली उघडली. प्लास्टिकची जाडी ०.०७० इंचापेक्षा जास्त नको. तिने २५.४ ने गुणलं, १.७७८ मिमी. सगळे गप्प. मग तिनेच पुढची ओळ वाचली : फुटून तुकडे होणारं प्लास्टिक चालणार नाही, उदाहरणार्थ अ‍ॅक्रिलिक. एका पट्टीत दोन नियम मोडले होते.

चूक माझी होती. दुकानातून मुलांनी फोन केला तेव्हा "अ‍ॅक्रिलिक घ्या, चालतं" असं मीच सांगितलं होतं. आदल्या वर्षी आमची टीम एफटीसीत, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये होती. तिथे लेझरने कापलेले, थ्रीडी प्रिंट केलेले भाग सर्रास वापरतात, जाडीची वा तुकड्यांच्या संख्येची अशी मोजदाद नसते. या वर्षी आम्ही व्हेक्स व्ही५ या दुसऱ्या स्पर्धेत उतरलो आणि मी जुन्या डोक्याने उत्तर दिलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या टेबलावर त्या बारा पट्ट्या पडल्या होत्या. सामानात काही खोट नव्हती, कामातही नव्हती. फक्त या स्पर्धेच्या वाक्यात त्या बसत नव्हत्या.

हा लेख त्या वाक्यांबद्दल आहे. ठाणे-नवी मुंबईत आता बऱ्याच शाळा आणि सोसायट्यांमधून अशा टीम निघताहेत. मेंटॉर म्हणून बसणारे आईबाबा यंत्राच्या बाबतीत हुशार असतात, पण नियमावली वाचायची वेळ आली की वॉशिंग मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेसारखी वाचतात. म्हणजे वाचतच नाहीत.

आधी कागद कोणता ते ठरवा

हे सोपं आहे, म्हणूनच इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. प्रत्येक स्पर्धेची नियमावली दरवर्षी नवी येते आणि सीझन चालू असतानाही तिच्यात सुधारणा होत राहतात. मुलं मात्र यूट्यूबवर दोन वर्षांपूर्वीचे रोबोट बघून डिझाइन करतात. व्हेक्स व्ही५ चंच घ्या. २०२३-२४ च्या ओव्हर अंडर या खेळात मॅच सुरू झाल्यावर रोबोटला आडवं पसरून ३६ इंचांपर्यंत जाता येत होतं. पुढच्या वर्षी हाय स्टेक्समध्ये ती मर्यादा २४ इंचांवर आली. आदल्या वर्षीचे रुंद पंख बघून कुणी तसेच बनवले असतील, तर ते वर्कशॉपच्या भिंतीवर लावायच्या लायकीचे.

आम्ही आता असं करतो. नियमावलीची छापील प्रत काढायची आणि पहिल्या पानावर पेनाने आवृत्ती आणि डाउनलोडची तारीख लिहायची. नवी सुधारणा आली की एक मूल तिच्यातले बदल वाचून दाखवतं आणि छापील प्रतीत पेन्सिलीने दुरुस्त्या करतं. सगळे पीडीएफ फोनवर उघडतात, आणि कुणाच्या फोनवर जूनमधली आवृत्ती असते तर कुणाच्या ऑक्टोबरमधली. मग दोघंही बरोबर असतात आणि तासभर भांडतात.

व्याख्या आधी, नियम नंतर

फर्स्टच्या, म्हणजे एफटीसी भरवणाऱ्या संस्थेच्या, नियमावल्यांमध्ये काही शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले दिसतात. ते ओरडणं नव्हे. त्या शब्दांची व्याख्या शेवटच्या शब्दसूचीत दिलेली आहे आणि तिथे जो अर्थ दिला आहे तोच धरायचा, एवढंच त्यातून सांगायचं असतं. व्हेक्समध्येही व्याख्यांचा वेगळा भाग असतो. मुलं तो ओलांडून थेट खेळावर उडी मारतात. गल्लीत 'एक टप्पा आउट' आहे की नाही हे न विचारता बॅट हातात घेण्यासारखं झालं हे.

सगळ्यात मोठी व्याख्या 'रोबोट' या शब्दाचीच. विचित्र वाटेल, पण 'एक रोबोट म्हणजे किती?' हा प्रश्न स्पर्धेच्या दिवशी हमखास येतो. व्हेक्स व्ही५ मध्ये एका टीमला एकच रोबोट, हा पहिला नियम. तो नीट लागू व्हावा म्हणून रोबोटचे तीन भाग कल्पिले आहेत. पहिला भाग म्हणजे चालणारा पाया : चाकं, पट्टे, किंवा मैदानावर फिरायला जे काही लावलं असेल ते. दुसरा भाग वीज आणि नियंत्रणाचा : बॅटरी, ब्रेन (रोबोट चालवणारा छोटा संगणक), त्यांच्याशी जोडलेल्या मोटर. तिसरा भाग म्हणजे उचलणं, ढकलणं, चढणं यांसाठीची वरची यंत्रणा. किमान पहिला आणि दुसरा असल्याशिवाय रोबोट होत नाही. आणि पहिला किंवा दुसरा भाग अख्खाच्या अख्खा बदलला, तर तो दुसरा रोबोट धरला जातो. मग नियम मोडला.

हा नियम घेऊन मी मुलांना एका रविवारी कोडी घातली. तुम्हीही तुमच्या टीमला घाला. उत्तर लगेच सांगू नका.

पहिलं : दोन मॅचच्या मध्ये जुना हात काढून नवा बसवला. चालेल का? चालेल, तो तिसरा भाग आहे. पण दोन्ही रूपांची तपासणी आधी झालेली हवी. रोबोट ज्या ज्या रूपात मैदानात उतरणार आहे ती सगळी रूपं इन्स्पेक्टरसमोर यायला हवीत.

दुसरं : धडकेत चॅसी वाकली. घरून चाकांसकट तयार करून आणलेली दुसरी चॅसी बसवली. नाही चालणार. अख्खा पहिला भाग बदलला. आणि ती जोडलेली चॅसी पिटमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या आपल्या दुरुस्तीच्या टेबलापाशी, सुट्या भागांसाठी 'साठा' म्हणून ठेवली असेल तरी अडचण आहे, कारण दुसरा जोडलेला रोबोट जवळ ठेवून त्याचे भाग वापरणंही नियमात बसत नाही.

तिसरं : सुटे चॅनल (सांगाड्याच्या धातूच्या पट्ट्या), सुटी चाकं, गिअर पिशवीतून आणले आणि वाकलेला तुकडा बदलला. बिनधास्त चालेल. ही दुरुस्ती.

चौथं : ब्रेन जळला, नवा ब्रेन लावला. इथे मुलांमध्ये दोन तट पडले. एक गट म्हणाला, ब्रेन म्हणजे तर रोबोटचा जीव, तो बदलला की रोबोट नवा. दुसऱ्या गटाने वाक्यावर बोट ठेवलं : 'अख्खा' दुसरा भाग असं लिहिलंय. दुसऱ्या भागात बॅटरी आहे, मोटर आहेत, ब्रेन त्यातला एक तुकडा. माझं मत दुसऱ्या गटाबरोबर. तरी अशा वेळी आधी मुख्य इन्स्पेक्टरला सांगून मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा, असं मी म्हणेन.

पाचवं आमच्या सोसायटीतलंच होतं. ए विंगच्या आणि सी विंगच्या दोन टीम नोंदवायच्या आणि रोबोट एकच आळीपाळीने वापरायचा, अशी एका बाबांची सूचना होती. खर्च वाचला असता हे खरं. पण एक रोबोट दोन टीमचा होऊ शकत नाही.

बघा, पाचांपैकी चार उत्तरं यंत्राकडे न बघता मिळाली. लागलं ते फक्त 'अख्खा' आणि 'भाग' या दोन शब्दांकडे बारीक बघणं.

नियम कोणत्या बाजूला झुकलेला आहे?

मला विचाराल तर या सगळ्यातली मुख्य पायरी ही. नियमांच्या दोन जाती असतात. एका जातीत मनाई नसेल ते सगळं चालतं. दुसऱ्या जातीत परवानगी असेल तेवढंच चालतं. घोटाळा असा की एकाच पुस्तकात दोन्ही जाती शेजारी शेजारी राहतात आणि पान उलटताना जात बदलली हे कुणी सांगत नाही.

रोबोटचा आकार, हात कसा, चाकं किती, बॉल आत कसा ओढायचा, हा सगळा पहिल्या जातीचा मुलूख. इथे मुलांनी डोकं लढवावं म्हणूनच तर स्पर्धा असते. 'असं कुठे लिहिलंय की चालेल?' असं विचारून मुलांच्या कल्पना मारू नका. 'चालणार नाही असं कुठे लिहिलंय?' हा इथला प्रश्न.

मोटर, बॅटरी, कंट्रोलर, वायर, फ्यूज आले की दुसरी जात सुरू. एफटीसीत मोटरची नावानिशी यादी आहे : रेव्हची एचडी हेक्स, गोबिल्डाची यलो जॅकेट, अँडीमार्कची नेव्हरेस्ट अशी. आमच्या टीममधल्या एकाने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टची गिअरवाली मोटर आणली. दिसायला जुळी बहीण, किंमत एक चतुर्थांश. त्याचा युक्तिवाद असा : "काकू, हिची ताकद तर कमीच आहे. आम्हाला फायदा कुठे होतोय?" मुद्दा बिनतोड आणि निरुपयोगी. यादी फायदा-तोटा विचारत नाही, नाव विचारते. ती मोटर आता आमच्या टेस्ट स्टँडवर फिरते.

तसंच हवेचं. व्हेक्स व्ही५ मध्ये न्यूमॅटिक्स, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा, चालतं, हवेच्या दोन टाक्यांपर्यंत आणि १०० पीएसआय दाबापर्यंत. एफटीसीत न्यूमॅटिक्सला दारच बंद. एका स्पर्धेतला अनुभव दुसरीत किती उपयोगी पडतो ते माझ्या अ‍ॅक्रिलिकने दाखवलंच आहे.

काही नियम या दोन जातींच्या मधले असतात. यादीऐवजी ते कसोटी देतात. एफटीसीत २०२४-२५ च्या सीझनपासून सर्वोसाठी, म्हणजे नेमक्या कोनात फिरवता येणाऱ्या छोट्या मोटरसाठी, अशी कसोटी आहे : यांत्रिक शक्ती ८ वॉटपेक्षा जास्त नको, आणि ६ व्होल्टला स्टॉल करंट, म्हणजे सर्वो अडकल्यावर ओढला जाणारा प्रवाह, ४ अँपिअरपेक्षा जास्त नको. शक्तीचं सूत्र : स्टॉल टॉर्क (अडकलेल्या अवस्थेतला पिळाचा जोर) गुणिले मोकळा वेग (भार नसतानाचा), भागिले चार. भागिले चार का, तर डीसी मोटर सगळ्यात जास्त शक्ती देते ती साधारण अर्ध्या टॉर्कला आणि अर्ध्या वेगाला. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव.

एक हिशेब करून दाखवते. सर्वोच्या कागदावर लिहिलंय : ६ व्होल्टला २० किलो-सेंमी आणि ६० अंशांना ०.१६ सेकंद. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणायला २० गुणिले ०.०९८१, म्हणजे १.९६. वेग सेकंदाला किती रेडियन ते : ६० अंश म्हणजे १.०४७ रेडियन, भागिले ०.१६, म्हणजे ६.५४. दोन्हींचा गुणाकार १२.८, भागिले चार, ३.२ वॉट. पास. पण करंटचा आकडा वेगळा तपासायचा, शक्ती पास झाली म्हणून तो आपोआप पास होत नाही. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेक ७.४ व्होल्टचा असतो, ६ चा आत बारीक अक्षरांत. कागदावर स्टॉल करंट दिलेलाच नसेल तर? मग तो सर्वो घेऊ नका. चांगला असेल, पण इन्स्पेक्टरला दाखवणार काय?

शब्दांचा कीस पाडा, पण कुठे थांबायचं ते कळू द्या

'मस्ट' म्हणजे सक्ती, 'मे' म्हणजे मुभा, 'शुड' म्हणजे सल्ला. एवढं सगळ्यांना येतं. अडखळायला होतं ते 'एकूण', 'प्रत्येकी', 'पर्यंत', 'कोणत्याही क्षणी' अशा साध्या शब्दांवर.

व्हेक्स व्ही५ मध्ये पूर्वी मोटरची संख्या मोजायचे. २०२३-२४ पासून एकूण वॉट मोजतात : ८८ वॉट. ११ वॉटच्या मोटर आणि ५.५ वॉटच्या मोटर कशाही मिसळा. सहा मोठ्या म्हणजे ६६, वर चार लहान म्हणजे २२, बेरीज ८८. मोटर झाल्या दहा, तरी नियमात. आमच्याकडे एका बाबांना अजूनही 'आठच मोटर' पाठ आहे. उलट बाजूने, रोबोटवर बसवलेली पण वायर न जोडलेली मोटरही मोजली जाते. 'ती बंदच आहे हो' हे उत्तर चालत नाही.

शोभेच्या वस्तूंचा नियम मला फार आवडतो, कारण तो वाचायला शिकवतो. व्हेक्समध्ये सजावट चालते, पण तिने खेळावर परिणाम करायचा नाही. म्हणजे टीमचं नाव लिहिलेला फलक लावलात आणि तोच फलक वस्तू आत अडवून धरत असेल, तर त्याच्या मागे तेच काम करणारा नियमातला भाग हवा. याची घरगुती परीक्षा अशी : फलक काढा आणि पाच मिनिटं रोबोट चालवा. काही फरक पडला का? पडला तर ती शोभा नव्हे, तो भाग आहे. आमच्या रोबोटवर गणपतीचं छोटं थ्रीडी प्रिंट आहे, ब्रेनच्या मागे. त्याने आजवर एकही वस्तू अडवलेली नाही. आशीर्वाद मोजत नाहीत.

आता कुठे थांबायचं. इथे दोन संस्थांची वाचनाची रीतच वेगळी आहे आणि ती ओळखली नाही तर माणूस फसतो. फर्स्टची नियमावली स्वतःबद्दल सांगते की जे लिहिलंय तेच आणि तेवढंच आहे; हेतू काय असेल, गेल्या वर्षी काय होतं, प्रत्यक्ष आयुष्यात काय होतं, यावरून अर्थ लावू नका, यात लपलेल्या अटी नाहीत. शिवाय नियमांच्या खाली निळ्या चौकटी असतात, त्यांत उदाहरणं आणि खुलासे. चौकट आणि नियम यांचं जुळलं नाही तर नियम खरा. व्हेक्सच्या पुस्तकात मात्र 'सारासार विचार करा' असा चक्क नियमच आहे : उघड मुद्रणदोष असेल तर तो धरून बसू नका वगैरे.

म्हणजे एक पुस्तक सोसायटीच्या उपविधीसारखं वाचायचं, सेक्रेटरी वाचतात तसं. दुसरं घरातल्या शहाण्या आजीच्या सांगण्यासारखं. आमची नववीतली मुलगी स्वभावाने सेक्रेटरी आहे. एफटीसीत ती आमची खजिना होती, व्हेक्समध्ये तिला अधूनमधून आवरावं लागतं. पळवाट सापडली असं वाटलं की मी तिला एकच विचारते : हे तू इन्स्पेक्टरच्या डोळ्यात बघून, न हसता सांगू शकशील का?

मोजमाप : खोक्यात बसतो म्हणजे काय

एफटीसी आणि व्हेक्स व्ही५ दोन्हींत सुरुवातीचा आकार १८ इंचांचा घन. म्हणजे ४५७.२ मिमी. डब्ल्यूआरओ, म्हणजे वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड, या तिसऱ्या स्पर्धेच्या रोबोमिशन गटात २५ सेंटिमीटरचा घन, आणि त्यात लोंबणाऱ्या केबलसुद्धा धरायच्या. आकडे पाठ करणं सोपं. मुलं कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यात, ४५७ काढतात आणि खूश होतात.

प्रत्यक्षात काय होतं ते जवळून बघा. चॅनल ४५७. त्याच्या बाहेर बोल्टचं डोकं, तीन-साडेतीन मिमी. दुसऱ्या बाजूला नट, त्यातून बाहेर आलेला बोल्टचा शेंडा. वायर बांधलेली केबल टाय, तिचं शेपूट कापताना उरलेलं टोक, चार मिमी. रोबोट उभा असताना वरच्या हाताच्या वजनाने चॅसी किंचित पसरते, तो एक मिमी. झाली की दहा-बारा मिमीची चोरी! कारखान्यात आम्ही 'गो - नो गो' गेज वापरायचो. वस्तू गेजमधून गेली तर पास, अडली तर नापास, मधलं काही नाही. स्पर्धेचं खोकं हे तसलं गेज आहे. तिथे 'फक्त केबल टायच अडतेय हो' म्हणायला जागा नसते.

म्हणून माझा आग्रह : कॅडमध्ये ४४० च्या पुढे जाऊ नका. आणि घरीच खोकं बनवा. आम्ही प्लायवूडचं बनवलंय, आतून मापून ४५७, तीन बाजू आणि एक सरकती पट्टी. सुताराकडे टाकून द्यायला ठेवलेले तुकडे मागा, फुकट मिळतात. पावसाळ्यात प्लाय फुगतं, तेव्हा पट्टीने पुन्हा मोजा. आमचं जुलैमध्ये एका कोपऱ्यात ४५५ भरलं होतं आणि मुलं दोन दिवस निष्पाप रोबोटला करवतीने छळत होती.

दुसरी गोष्ट, खोक्यात रोबोट कशाच्या आधाराने उभा आहे? हात दुमडून रबर बँडने किंवा केबल टायने धरून ठेवला असेल, तर व्हेक्समध्ये ते बंधन मॅचभर रोबोटलाच लागून राहायला हवं, सुटून मैदानात पडता कामा नये. मोटरच्या ताकदीने धरून ठेवलेल्या हाताबद्दल प्रत्येक स्पर्धेचं म्हणणं वेगळं, ते तुमच्या चालू आवृत्तीत बघा. आणि मोजायची वेळ कोणती, हेही. 'सुरुवातीला १८ इंच' आणि 'कोणत्याही क्षणी १८ इंच' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

तरीही अडलं तर लेखी विचारा

दोन्ही संस्थांची अधिकृत प्रश्नोत्तरांची सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी 'आमचं गेल्या वेळी चाललं' म्हटलं, तर ते उत्तर नव्हे. त्या दिवशी इन्स्पेक्टरचं लक्ष नसेल, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

विचारण्याआधी जुने प्रश्न शोधा, दहांतल्या सात वेळा कुणीतरी तेच विचारलेलं असतं. मग लिहायला बसा. आमचा पहिला प्रश्न असा होता : 'सोबतच्या फोटोतला आमचा रोबोट नियमात बसतो का?' अशा प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण ती मंडळी कुणाचं डिझाइन मंजूर करत बसत नाहीत. सुधारलेला प्रश्न असा : 'अमुक क्रमांकाच्या नियमात प्रत्येक तुकडा स्वतंत्र मोजला जाईल असं म्हटलं आहे. एकाच तुकड्याला वाकवून दोन पृष्ठभाग केले, तर तो एक धरावा का?' नियमाचा क्रमांक, नेमका शब्द, एकच परिस्थिती, हो किंवा नाहीत उत्तर येईल असा शेवट. हे मुलांकडूनच लिहून घ्या. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीला बिचकतात, पण अशा प्रश्नाला लागतं ते इंग्रजी चार ओळींचं आणि सरळ असतं. आधी मराठीत लिहायचं, नीट पटलं की मग इंग्रजीत.

स्पर्धेच्या दिवशीची फाइल

तपासणीचा तक्ता आधीच मिळतो. तो घरी भरा, आणि ज्याने रोबोट बनवला नाही अशा मुलाकडून भरून घ्या. बनवणाऱ्याच्या डोळ्याला स्वतःची चूक दिसत नाही, हे क्वालिटीतलं पहिलं सत्य.

फाइलमध्ये आम्ही ठेवतो : चालू नियमावलीची प्रत, शंका येईल अशा प्रत्येक भागाचं एक पान आणि त्यावर नियमाचा क्रमांक, सर्वोचे कागद हिशेबासकट, मोटरच्या खरेदीची बिलं, प्रश्नोत्तराचं छापील उत्तर. बरोबर व्हर्नियर, जास्तीचे फ्यूज (तेवढ्याच क्षमतेचे, जाडा फ्यूज लावून 'आता उडत नाही' म्हणणारे महाभाग पाहिलेत मी), केबल टाय कापायची पक्कड.

इन्स्पेक्टरशी मुलांनीच बोलायचं. आपण मागे उभं राहून चहा प्यायचा. "सर, हा भाग तमुक नियमाखाली येतो, हे पान बघा" एवढंच वाक्य पुरतं. इन्स्पेक्टर बहुतेक स्वयंसेवक असतात, सकाळपासून पन्नास रोबोट पाहिलेले. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी हुज्जत घालण्यासारखं, जागा मिळेलही पण दिवस खराब होतो. निर्णय पटला नाही तर शांतपणे मुख्य इन्स्पेक्टरला विचारायचं, आणि त्यांनी नाही म्हटलं की भाग काढायचा. तपासणीनंतर काही मोठं बदललं तर पुन्हा रांगेत उभं राहायचं.

त्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्यांचं पुढे काय झालं ते राहिलंच. अ‍ॅक्रिलिकऐवजी फुटून तुकडे न होणारं पॉलीकार्बोनेट घ्यायचं ठरलं, पण लेझरवाल्याने ते कापायला साफ नकार दिला, "मॅडम, कड काळी पडते, धूर होतो" म्हणाला, आणि ते खरंच आहे. मग १.५ मिमीचा शीट आणला आणि मुलांनी गच्चीवर पट्टी धरून कटरने चिरे मारत मारत हाताने कापला. नियमाप्रमाणे कुठलाही तुकडा ४ बाय ८ इंचांपेक्षा मोठा नाही, जास्तीत जास्त बारा तुकडे. कडा ओबडधोबड, पण घासून गुळगुळीत केल्या.

स्पर्धेत इन्स्पेक्टरने जाडी मोजली, मान हलवली आणि तुकडे मोजायला सुरुवात केली. दहा, अकरा, बारा. मग रोबोट उलटा केला. तेरा. सरावाच्या मॅचमध्ये डावीकडची पट्टी एका भोकातून आरपार चिरली होती आणि दोन्ही अर्धे आपापल्या स्क्रूवर टिकून होते. 'प्रत्येक तुकडा' असं लिहिलंय, तो तुटून झालाय की कापून झालाय हे नियम विचारत नाही. आमची सेक्रेटरी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रूड्रायव्हर घेतला, वरचा अर्धा तुकडा काढून खिशात टाकला आणि म्हणाली, "सर, आता पुन्हा मोजा."